आजारी मुलांसाठी झाकणाचे लाकडी डबे : झाकण किती सैल ठेवावे?

ओहायोकर

नमस्कार. प्रश्न लाकूडकामाचा आहे, पण पार्श्वभूमी दिल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून आधी ती सांगतो.

मी बरीच वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर तळघरात बारा इंची लेथ बसवला आणि लाकूड कातायला शिकलो. आमच्या भागात लाकूड कातणाऱ्यांचा एक क्लब आहे. असे शेकडो क्लब १९८६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेशी जोडलेले आहेत, आणि ही संघटना व तिचे क्लब 'बीड्स ऑफ करेज' या उपक्रमासाठी झाकणाचे लाकडी डबे करून देतात. ज्यांना हा उपक्रम माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कर्करोग किंवा तसाच गंभीर आजार असलेल्या मुलाला उपचारांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक मणी मिळतो : सुई टोचली की काळा, केमोथेरपीला पांढरा, रुग्णालयात काढलेल्या रात्रीला पिवळा, रक्त चढवले की तांबडा, केस गळाले की तपकिरी आणि किरणोपचारांना अंधारात चमकणारा. जीन बरूक या परिचारिकेने अ‍ॅरिझोनात हे काम सुरू केले. मूल मणी ओवत जाते आणि माळ वाढत जाते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात, त्यामुळे शेकडो मणी सहज होतात. ते ठेवायला आम्ही डबे करतो.

आमच्या क्लबने ठरवलेले माप असे : बाहेरून सहा इंच व्यास, उंची पाच इंचांच्या आसपास, आत साधारण सव्वा लिटर जागा. यंदा मी चार डबे केले आणि त्यांतले तीन क्लबच्या तपासणीत परत आले.

तपासणी करणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. त्या मण्यांऐवजी डब्यात राजमा भरतात आणि आपल्या सहा वर्षांच्या नातवासमोर ठेवतात. माझ्या पहिल्या डब्याचे झाकण मी असे बसवले होते की उचलताना हलकासा 'टक्' आवाज यावा; लाकूड कातणाऱ्यांच्या जगात हा आवाज म्हणजे कसबाची पावती समजली जाते. त्या मुलाने आधी एका हाताने ओढून पाहिले, मग दोन्ही हातांनी, आणि शेवटी डबा गुडघ्यांत धरून असा हिसका दिला की झाकण एकीकडे गेले आणि राजमा सभागृहभर पसरला. मुलगा हसत होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या डब्याच्या बुडाशी पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर 'सैल' एवढा एकच शब्द लिहिला. दुसऱ्या डब्याची तीच गत झाली. तिसरा परत आला तो झाकणावरच्या टोकदार कळसामुळे, ज्यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. जो चौथा डबा पास झाला, तो माझ्या हिशेबी फसलेला होता, कारण त्याचे झाकण कातताना पटाशी जास्त आत गेली होती आणि ते डब्यावर खुळखुळत होते.

आता प्रश्न विचारतो. झाकण नेमके किती सैल असावे, आणि सैल असूनही ते गबाळे दिसू नये यासाठी काय करावे? लाकूड कोणते घ्यावे? माझ्याकडे अ‍ॅशचे ओंडके भरपूर आहेत. ओहायोत २००३ साली हिरवा भुंगेरा आला आणि त्याने अ‍ॅशची झाडे मारली, त्यामुळे हे लाकूड अजूनही जवळपास फुकट मिळते. मेपल आणि चेरी मात्र विकत आणावे लागते. शेवटचा प्रश्न पॉलिशचा. माझ्या आजीकडे सावंतवाडीचा लाखेचा कुंकवाचा करंडा होता, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. तशी लाख या डब्यांवर चढवता आली तर मला फार आवडेल. ही कला येथे शिकवणारे कोणी मला भेटलेले नाही.


पटाशी

आपले तीन डबे परत आले याचे वाईट वाटून घेऊ नका. मी पुण्यात कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढली आणि नंतर लाकडाकडे वळलो, त्यामुळे 'फिट' हा शब्द माझ्या अंगात जरा जास्तच मुरलेला होता. लोखंडात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. लाकडात तो हिशेब सकाळी बरोबर असतो आणि पावसाळ्यात चुकतो.

झाकण घट्ट का होते याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत. एक हवेचे. झाकणाचा आत जाणारा गळा लांब आणि नेमका असेल तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा वागतो. वर ओढताना आत पोकळी तयार होते आणि ती झाकणाला धरून ठेवते. आपला 'टक्' हा त्या पोकळीत हवा शिरल्याचा आवाज आहे. गळ्याची लांबी पाच मिलिमीटरवर आणा आणि त्याच्या खालच्या कडेला उतार द्या, हा त्रास तेथेच संपतो.

दुसरे कारण लाकडाच्या हालचालीचे आहे आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेने हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगते आणि आक्रसते. सहा इंची डबा बहुधा आडव्या रेषेचा असतो, कारण उभ्या रेषेत एवढा जाड तुकडा घेतला तर मध्ये गाभा येतो आणि तडा जातो. मेपलचे उदाहरण घ्या. ओहायोतल्या हिवाळ्यात, घर तापवलेले असताना आणि उन्हाळ्यात लाकडातल्या पाण्याच्या प्रमाणात चार टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर पाच इंची झाकण आडव्या दिशेने सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढते आणि रेषेच्या दिशेने जागच्या जागी राहते. म्हणजे गोल झाकण लंबवर्तुळ होते. डब्याचे तोंडही तसेच होते, त्यामुळे दोघांच्या रेषा जुळवून ठेवल्या तर झाकण बसते, आणि पाव फेरा फिरवून ठेवले तर अडकते. आपण करणारे लोक रेषा जुळवूनच ठेवतो, म्हणून आपल्याला हे कधी कळतच नाही. सात वर्षांचे मूल रेषा पाहत बसणार नाही. तेव्हा झाकणाचा गळा डब्याच्या तोंडापेक्षा व्यासात अडीच ते तीन मिलिमीटर लहान ठेवा, आणि ते चारही दिशांना फिरवून, पडते का ते पाहा. हो, पडते का. त्याने स्वतःच्या वजनाने खाली बसले पाहिजे.

गबाळे दिसण्याचा प्रश्न आपण योग्य विचारला आहे. फट जेव्हा उघडी दिसते तेव्हाच ती चूक वाटते. झाकणाचा घेर डब्याच्या भिंतीपेक्षा सगळीकडे आठ-दहा मिलिमीटर बाहेर काढा. फट त्याच्या सावलीत जाते, आणि शिवाय बोटे खालून घालून झाकण उचलता येते. आपल्या जुन्या पितळी डब्यांची झाकणे आठवून पाहा, त्यांची कड अशीच बाहेर असे.

मूठ ठेवायचीच असेल तर ती चाळीस मिलिमीटर व्यासाची, अळिंबीच्या आकाराची करा आणि मानेपाशी बोट अडकेल इतपत बारीक ठेवा. चाळीसच का, तेही सांगतो. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास सुमारे ३१.७ मिलिमीटर असतो. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याचा धोका मानला जातो. रुग्णाचे धाकटे भावंड खाटेवर चढलेले असतेच, आणि डिंकाने बसवलेली मूठ कधी ना कधी निघते.

लाकूड : अ‍ॅश नको, निदान पहिल्या पसंतीला नको. त्याची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्यांत हातांचा मळ आणि सांडलेला रस जाऊन बसतो. मेपलची छिद्रे अगदी बारीक असतात, पुसले की पुसले जाते. बुरशीच्या काळ्या रेघांचे लाकूड कितीही देखणे असले तरी या कामाला घेऊ नका. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली आहे त्यांच्या उशाशी ते ठेवण्याचे कारण नाही. ओले लाकूड असेल तर आधी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे पंधरा मिलिमीटर जाड भिंत ठेवून ओबडधोबड कातून घ्या, कागदी पिशवीत भरून काही महिने विसरून जा, आणि मग अखेरचे कातकाम करा. भिंत सहा-सात मिलिमीटरवर आली की सगळा डबा अर्ध्या किलोच्या आत बसतो.


रात्रपाळी

मी इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या कर्करोग विभागात परिचारिका आहे. हा मण्यांचा उपक्रम येथेही चालतो आणि मी स्वतः मणी दिलेले आहेत, त्यामुळे लाकडातले काही कळत नसताना लिहिण्याचे धाडस करते. पटाशीकाकांनी लहान भावंडाचे लिहिले ते वाचून हसू आले, कारण ते अगदी खरे आहे.

झाकण सैल का हवे याचे आमच्या बाजूचे कारण सहसा कोणाला माहीत नसते. रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांत व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध दिले जाते आणि त्याचा परिणाम हातापायांच्या नसांवर होतो. बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते, शर्टाची बटणे लावता येईनाशी होतात. नऊ वर्षांचा मुलगा, जो एरवी क्रिकेटची बॅट फिरवत होता, तो टूथपेस्टचे टोपण उघडायला आईला हाक मारतो, आणि हाक मारावी लागली याचा त्याला सुईपेक्षा जास्त राग येतो. म्हणून आपल्या क्लबातल्या बाईंचा नातू ही चांगली परीक्षा असली तरी पुरेशी नाही, कारण तो निरोगी आहे. माझी सूचना अशी की, आपण स्वतः जाड लोकरी हातमोजे घालावेत, पलंगावर अर्धवट रेलून बसावे, डबा मांडीवर घ्यावा आणि फक्त डाव्या हाताने झाकण उघडून परत लावून पाहावे. दुसऱ्या हाताला कधी सलाईन लावलेले असते, किंवा तो हात कशाला तरी गुंतलेला असतो. लावून पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. उघडण्याचा विचार सगळे करतात.

टोकदार कळस परत आला हे योग्य झाले. केमोथेरपीमुळे रक्तातील प्लेटलेट कमी होतात तेव्हा साध्या धक्क्यानेही मोठा काळानिळा डाग उठतो. तळाची आणि तोंडाची कडसुद्धा बोट फिरवल्यावर कोठेही टोचणार नाही अशी हवी.

वासाबद्दल मात्र कोणीच बोलत नाही, म्हणून आग्रहाने लिहिते. केमोथेरपी चालू असलेल्या मुलांना वास सहन होत नाहीत. जेवणाच्या ट्रॉलीचे झाकण उघडले की एखादे मूल तोंडावर पांघरूण घेते. मागे एक अतिशय सुंदर डबा आला होता, आतून-बाहेरून चकाकणारा. झाकण काढल्याबरोबर त्यातून रंगाच्या दुकानाचा वास आला आणि ज्या मुलीला तो दिला होता तिला उलटी झाली. डबा महिनाभर खिडकीत उघडा ठेवला, मग तिने घेतला. चूक करणाऱ्याची होती असे मी म्हणणार नाही, पॉलिश बाहेरून कोरडेच होते. पण बंद डब्यात आतला वास कोंडून राहतो. अक्रोडाचे तेल वगैरे सुक्यामेव्याची तेलेही कृपया टाळा, आमच्याकडे मुलांच्या अ‍ॅलर्जीची नोंद फार काटेकोर असते.

आणखी एक. डब्याच्या बुडाशी आपण काय लिहिता? लाकडाचे नाव लिहिले तर मुलांना आवडते. 'हे झाड कसले' हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावर पाच मिनिटे छान जातात. पण 'लवकर बरी हो' किंवा 'तू जिंकणारच' असे काही लिहू नये अशी माझी विनंती आहे. सगळी मुले बरी होत नाहीत. मूल गेले तर त्याच्या घरच्यांना फुलपाखराचा मणी देतात आणि तो मणीही त्याच डब्यात जातो. अशा वेळी बुडाशी काय लिहिलेले आहे हे आई वाचते.


मोती तलाव

मी सावंतवाडीचा. करंड्याची आठवण काढलीत म्हणून लिहितो, नाहीतर पॉलिश आणि मेपल यांच्या गप्पांत आमचे काम नव्हते.

आमच्या चितारआळीत आज जी लाकडी फळे, खेळणी आणि करंडे मिळतात त्यांतली पुष्कळशी ब्रशने रंगवलेली असतात. आपण म्हणता ते लाखकाम वेगळे. त्यात कातीव तुकडा यंत्रावर फिरत असतानाच त्याच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ चढते. मग केवड्याचे वाळलेले पान फिरत्या तुकड्यावर धरले की ती सारखी पसरते आणि चकाकी येते. ब्रश नाही, पातळ करायला द्रव नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. तुकडा यंत्रावरून उतरला की काम झाले. कर्नाटकात चन्नपटणलाही असेच करतात, ते लोक काळ्या कुड्याचे लाकूड वापरतात. आमच्याकडे हलक्या कामाला पांगारा. सावंतवाडीतले हे काम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, टिकले, त्यामागे राजवाड्यातून झालेले प्रयत्न आहेत, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांचे. ते येथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आपल्या लेथवर हे जमेल. लाकूड पूर्ण वाळलेले पाहिजे, सँडपेपर नीट मारलेला पाहिजे, आणि कांडी दाबताना घाबरून हात हलका केला की लाखेचे ठिपके पडतात, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर पंचवीस वेळा करून पाहा. सहा इंची डब्याची सगळी भिंत लाखेने मढवण्याच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका. दोन पट्टे घाला. मुठीवर घाला. करंड्यालाही पट्टेच शोभतात.

वासाचे म्हणाल तर लाखेला थंड झाल्यावर नाव घेण्यासारखा वास नसतो. ताईंचा तो प्रश्न आपोआप मिटतो असे मला वाटते.


रात्रपाळी

मोती तलाव, वासाचा मिटेल, पण एक शंका येते. आमच्या विभागात प्रत्येक खाटेशी हात स्वच्छ करण्याच्या द्रवाची बाटली टांगलेली असते. डॉक्टर, परिचारिका, आई, आजोबा आणि मूल, सगळे दिवसातून किती वेळा हात चोळतात याची गणती नाही. त्या द्रवात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असते. लाखेला ते चालते का?


पटाशी

चालत नाही. ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले. आपल्याकडचे सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात. जे लाखेला विरघळवते तेच या बाटलीत भरलेले आहे. ओल्या हाताने डबा धरला की पॉलिशवर पांढरे डाग पडतील, आणि रोज धरला तर पृष्ठभाग चिकट होईल. लाखेचे पट्टे जरा जाड असतात म्हणून थोडे जास्त टिकतील इतकेच.

पण म्हणून लाख बाद करण्याचे कारण नाही, तिची जागा बदलायची. डब्याच्या आत कोणी ओले हात चोळत नाही. आतून स्पिरिटमधल्या चपड्याचे दोन पातळ हात द्या. स्पिरिट काही तासांत उडून जाते आणि वासाची तक्रार राहत नाही. बाहेरून फडक्याने लावायचे पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर धरणारे वार्निश, द्या, त्याला हा द्रव आणि ओले फडके दोन्ही सहज सोसतात. फक्त ते हाताला कोरडे लागते तेव्हा आतून कोरडे झालेले नसते. तीन-चार आठवडे झाकण काढून मोकळ्या हवेत ठेवा, आणि शेवटी झाकण लावून एक दिवस बंद ठेवून मग नाक घालून पाहा. वास आला तर आणखी आठवडा.

लाखेचे पट्टे हवेच असतील तर ते झाकणाच्या आतल्या बाजूला घाला. उघडल्यावर दिसतील.


मोती तलाव

झाकणाच्या आत पट्टे. हे मला सुचले नसते. कुंकवाच्या करंड्यातही आतली बाजू कोणी कोरी सोडत नसे, हे खरे.


परळची वाट

मी या चर्चेत बाहेरची आहे, लाकूडकामातली नाही आणि रुग्णालयातलीही नाही. माझ्या मुलावर मुंबईत अडीच वर्षे उपचार चालले. तो आता बरा आहे, अकरावीत आहे. आम्ही साताऱ्याहून येऊन परळजवळ खोली घेऊन राहिलो होतो.

आम्हाला मणी वगैरे काही माहीत नव्हते. पण औषधाच्या छोट्या बाटल्यांवर जी रंगीत प्लास्टिकची झाकणे असतात, जी अंगठ्याने उडवून काढतात, ती तो परिचारिकांकडून मागून घेई आणि धुऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. निळे मिळाले की एक नाव, केशरी मिळाले की दुसरे. केशरी त्याला अजिबात आवडत नसे, तरी तेही ठेवी. हे कोणी त्याला शिकवले नव्हते.

रात्री झोप लागली नाही की त्याला ती झाकणे काढून पांघरुणावर मांडायची असत. पत्र्याचा डबा घट्ट बसे आणि त्याच्याने उघडत नसे, म्हणून तो मला उठवी. मी दिवसभर रांगांत उभी राहून आलेली असे आणि एकदा त्याच्यावर ओरडले. त्यानंतर त्याने मला उठवले नाही. सकाळी पाहिले तर डब्याच्या झाकणाच्या कडेला चमच्याने उचकटल्याच्या खुणा होत्या. तो डबा अजून घरी आहे. झाकण आता नीट बसतच नाही, आणि आपण लिहिले तसे खुळखुळते.

सैल किती ठेवावे हे मला मिलिमीटरमध्ये सांगता येणार नाही.


ओहायोकर

उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण लिहिण्यापूर्वी एक डबा पूर्ण करायचा होता. परळच्या ताईंचा मजकूर वाचून दोन दिवस लेथ चालू केला नाही, तेही एक कारण.

डबा मेपलचा आहे. गळा पाच मिलिमीटर लांब, व्यासात तीन मिलिमीटर लहान, कडेला उतार. झाकण भिंतीच्या नऊ मिलिमीटर बाहेर काढले आणि मूठ ठेवलीच नाही. पटाशीकाका म्हणतात तसे बोटे खालून जातात आणि मुठीची गरजच उरत नाही. डबा वजनाला चारशे चाळीस ग्रॅम भरला. पाव फेऱ्याची परीक्षा घेतली तेव्हा एका बाजूला किंचित अडकले, म्हणून गळा पुन्हा अर्धा मिलिमीटर उतरवला. मग सोफ्यावर रेललो, बर्फ काढताना घालतो ते लोकरी हातमोजे चढवले आणि डाव्या हाताने उघडले. उघडले पहिल्या खेपेस. लावताना मात्र तीनदा हुकले, कारण मोज्यातून कड कोठे आहे ते कळतच नव्हते. शेवटी डब्याच्या तोंडाला आतून उतार दिला, नरसाळ्यासारखा, तेव्हा झाकण कसेही टेकवले तरी घरंगळत आपल्या जागी जाऊ लागले. रात्रपाळीताईंनी 'परत लावून पाहा' असे लिहिले नसते तर हे राहून गेले असते.

लाखेचे पट्टे झाकणाच्या आत आहेत, एक लाल आणि एक पिवळा. चपडा येथे मिळाला, त्यात रंग मी घरीच कालवला आणि कांड्या ओतल्या. केवड्याचे पान मिळाले नाही. मक्याच्या कणसाचे वाळलेले साल वापरले, ते बऱ्यापैकी चालते. लाल पट्ट्यावर दोन ठिपके राहिले आहेत, मोती तलाव यांच्या डोळ्यांतून ते सुटणार नाहीत म्हणून आधीच सांगून ठेवतो. बुडाशी 'मेपल' एवढेच लिहिले आहे.

काल क्लबात नेला. माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ स्पर्धांत बक्षिसे मिळवलेले आहेत. त्यांनी झाकण दोन बोटांनी हलवून पाहिले, ते खुळखुळले, आणि त्यांनी काही न बोलता डबा टेबलावर परत ठेवला. बाईंनी राजमा भरला. नातू या वेळी आला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच डोळे मिटून, डाव्या हाताने झाकण काढले, बाजूला ठेवले आणि पुन्हा लावले. पिवळी चिठ्ठी लावली नाही. फक्त झाकण उलटे करून पट्टे पाहिले आणि विचारले की हे आत का. मी म्हटले, उघडणाऱ्याला दिसावेत म्हणून. पुढच्या महिन्यात सहा डबे द्यायचे ठरले आहे, तेव्हा पांगाऱ्याबद्दल मोती तलाव यांना आणखी काही विचारेन.